डेरिव्हेटिव्ह, ‘विथ रिस्पेक्ट टू’ आणि वर्गातली जात

“इतकं बेसिकही येत नाही? मग इथवर आलात कसे?”

हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलं आहे. कुणी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, कुणी बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात, कुणी कोचिंगच्या वर्गात. त्यात दोन प्रश्नचिन्हं असली तरी विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. ‘इथवर आलात कसे’ याचं उत्तर त्याने मनात आधीच लिहून ठेवलेलं असतं आणि ते साऱ्या वर्गाला ठाऊक असतं. मागच्या बाकांवरून हलकं हसू येतं. शंका विचारणारं पोरगं खाली बसतं. त्या सत्रात ते पुन्हा हात वर करत नाही.

मी गणित शिकवते. माझे आई-वडील बीड जिल्ह्यातून दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आज परराज्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवते आणि रविवारी एका वसतिगृहात मुलामुलींच्या शंका घ्यायला बसते. तिथे महाराष्ट्राची मुलं असतात, तेलंगणाची असतात, बिहार-ओडिशाचीही असतात. घरच्या भाषा वेगवेगळ्या, शंका मात्र जवळपास त्याच. त्या शंका ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्याला ‘बेसिक कच्चं’ म्हणतात त्यातलं बरंचसं म्हणजे कुणी कधी न शिकवलेलं इंग्रजी असतं. उरलेलं खरोखर गणित असतं, पण ते प्रश्न कच्चे नसून फार पक्के असतात. या दोन्ही प्रकारच्या प्रश्नांना लाजवून गप्प बसवणं, हे आजच्या वर्गात जात करत असलेलं काम आहे.

आधी इंग्रजीचं बघू.

एका मुलाने मला आपली चाचणीची उत्तरपत्रिका दाखवली. प्रश्न होता, ‘डिफरन्शिएट साइन एक्स अँड कॉस एक्स.’ याने पानावर उभी रेघ मारून दोन रकाने पाडले होते. डावीकडे साइन, उजवीकडे कॉस. साइन शून्यापासून निघतो, कॉस एकपासून. साइन विषम फंक्शन, कॉस सम. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस, कॉसचं डेरिव्हेटिव्ह वजा साइन. सगळे मुद्दे बरोबर. विचारलेलं उत्तर तिसऱ्या मुद्द्यात जसंच्या तसं लिहिलेलं. गुण शून्य, आणि शेजारी लाल शाईत शेरा: ‘कन्सेप्ट नॉट क्लिअर.’

आता सांगा, कुणाचा कन्सेप्ट क्लिअर नव्हता? सेमी-इंग्रजी शाळेत या मुलाने वर्षानुवर्षं विज्ञानाच्या पेपरात ‘डिफरन्शिएट’ हा शब्द ‘फरक स्पष्ट करा’ याच अर्थाने वाचला. इंग्रजीत तो अर्थ बरोबरच आहे. गणितात तोच शब्द ‘डेरिव्हेटिव्ह काढा’ या अर्थाने येतो, हे त्याला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. आणखी गंमत अशी की डेरिव्हेटिव्ह काढण्याला ‘डिराइव्ह’ म्हणत नाहीत. ‘डिराइव्ह द फॉर्म्युला’ म्हणजे सूत्र पायरीपायरीने मिळवून दाखवा. नाम एका धातूचं आणि क्रियापद दुसऱ्याच. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे ती मुलंही इथे अडखळतात. त्यांना कुणी ‘इथवर आलात कसे’ असं विचारत नाही.

दुसरा शब्दप्रयोग ‘विथ रिस्पेक्ट टू एक्स’. एका मुलीने दबक्या आवाजात विचारलं, “मॅडम, एक्सला रिस्पेक्ट का द्यायचा?” तिच्या मैत्रिणी हसल्या. मी म्हटलं, हसू नका, शब्दकोशात या शब्दाचा आपल्याला शिकवलेला पहिला अर्थ तोच आहे. इथे अर्थ एवढाच की एक्स हलला की वाय किती हलतो ते बघायचं आहे. ‘कशाच्या मानाने’ हा आपला रोजचा शब्दप्रयोग. ‘पावसाच्या मानाने पीक बरं आलं’ असं आपली माणसं म्हणतातच. त्यात ‘मान’ आहे, पण आदर नाही. इंग्रजीतही तसंच. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. त्या अर्ध्या मिनिटासाठी ती मुलगी दीड वर्ष थांबली होती.

अशी यादी लांब आहे. ‘फंक्शन’ म्हणजे आपल्याकडे हॉलमधला कार्यक्रम. ‘रेट’ म्हणजे बाजारातला भाव, मग ‘रेट ऑफ चेंज’ कसला? ‘लिमिट’ म्हणजे ओलांडू नये ती हद्द. गणितातलं लिमिट मात्र ओलांडता येतं. साइन एक्स भागिले एक्स हे फंक्शन घ्या. एक्स वाढत गेला की ते शून्याच्या जवळ जातं, पण जाता जाता शून्याच्या वर-खाली अगणित वेळा जाऊन येतं, तरी त्याचं लिमिट शून्यच. ‘फॉर एनी एक्स’ म्हणजे कोणत्याही एका एक्ससाठी की प्रत्येक एक्ससाठी? हा प्रश्न तर इतका रास्त आहे की गणित कसं लिहावं हे सांगताना पॉल हाल्मॉससारख्या गणितज्ञानेही ‘एनी’ हा शब्द टाळा असा सल्ला दिला आहे. आपल्या मुलाला तिथे शंका आली तर तो मठ्ठ. गणितज्ञाला आली तर ती काटेकोरपणाची खूण.

हे वर्गापुरतं असतं तर एखाद्या भल्या शिक्षकावर भागलं असतं. पण व्यवस्थेनेही तेच लिहून ठेवलं आहे. महाराष्ट्राच्या सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा पेपर वर्षानुवर्षं मराठीतही देता येत आला. गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत होते. पण त्यातून पुढे जेईई अ‍ॅडव्हान्स्डला पोचलात की इंग्रजी आणि हिंदी एवढ्या दोनच. म्हणजे शिडीच्या जितक्या वरच्या पायरीवर जाल तितकी तुमची भाषा गळत जाते. आणि निकाल लागल्यावर म्हणतात, गणितात कमी पडले.

आता खऱ्या गणिताच्या शंकांकडे येऊ.

एक्सच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह २एक्स कसं येतं ते आठवा. एक्सला एच इतकं वाढवायचं. मग वर्गात पडलेली भर म्हणजे २ गुणिले एक्स गुणिले एच, अधिक एचचा वर्ग. तिला एचने भागलं की उरतं २एक्स अधिक एच. पुढे फळ्यावर ‘एच शून्याकडे जातो’ असं लिहितात आणि उत्तर २एक्स. एका मुलाने विचारलं, “मॅडम, भागताना एच शून्य नव्हता, कारण शून्याने भागता येत नाही. मग पुढच्याच ओळीत तो शून्य कसा झाला? एकाच गणितात दोन न्याय कसे?”

वर्गात हाच प्रश्न विचारल्यावर त्याला उत्तर मिळालं होतं, “परीक्षेत हे येत नाही, सूत्र पाठ कर.”

हा प्रश्न १७३४ साली आयर्लंडमधल्या जॉर्ज बर्कली नावाच्या बिशपने छापून विचारला होता. ‘द अ‍ॅनालिस्ट’ या पुस्तकात त्याने न्यूटनच्या पद्धतीवर नेमका हाच आक्षेप घेतला. ज्या बारीक वाढीने तुम्ही भागता ती आहे की नाही, एकदा काय ते ठरवा. युरोपातल्या थोर थोर गणितज्ञांना यावर धड उत्तर देता येईना. १८२१ साली कोशीने लिमिटच्या पायावर कॅल्क्युलसची मांडणी केली, म्हणजे तोवर ८७ वर्षं गेली. पुढे वायरश्ट्रासने ती आज शिकवतात तशी काटेकोर केली. उत्तर असं की एच शून्य होतच नाही. २एक्स अधिक एच ही संख्या २एक्सच्या आपण म्हणू तितकी जवळ नेता येते, एवढंच आपण म्हणतो, आणि त्या २एक्सला डेरिव्हेटिव्ह हे नाव देतो.

बिशपने विचारलं तर तत्त्वज्ञान, मजुराच्या पोराने विचारलं तर ‘बेसिक कच्चं’. प्रश्न एकच. फरक फक्त विचारणाऱ्याच्या घराचा.

आणखी एक शंका दरवर्षी येते. ‘पाचचं डेरिव्हेटिव्ह शून्य कसं? पाच तर डोळ्यांना दिसतोय, गेला कुठे?’ पाठ्यपुस्तक म्हणतं, स्थिरांकाचं डेरिव्हेटिव्ह शून्य. झालं. मी सालगड्याचं उदाहरण घेते. पाडव्याला साल ठरतं. गडी दिवसाला आठ तास राबला काय आणि सोळा तास राबला काय, सालाचा पैसा तेवढाच. म्हणजे तासांच्या मानाने त्याच्या मजुरीचं डेरिव्हेटिव्ह शून्य. मजुरी शून्य नाही, वाढ शून्य आहे. डेरिव्हेटिव्ह ‘किती आहे’ हे सांगत नाही, ‘किती बदलतं’ ते सांगतं. हे उदाहरण ऐकल्यावर त्याच मुलांनी पुढचा प्रश्न विचारला, “मग जादा राबण्यात फायदा कुणाचा?” तो प्रश्न गणिताच्या पुस्तकात नाही. पण गणित समजल्याशिवाय तो इतका नेमका विचारता आला नसता.

आता ऊसतोड घ्या. समजा टनाला ३०० रुपये दर आहे आणि मुकादमाकडून ४०,००० रुपये उचल घेतली आहे. हंगामाच्या शेवटी हातात पडणार ते ३०० गुणिले टन, वजा ४०,०००. टनांच्या मानाने याचं डेरिव्हेटिव्ह काढा, उत्तर ३००. उचल कुठे गेली? डेरिव्हेटिव्हमध्ये ती पुसली गेली. उचल चाळीस हजार असो, लाख असो की मुळीच नसो, डेरिव्हेटिव्ह ३००च. म्हणूनच उलट्या दिशेने, इंटिग्रेशन करताना, शेवटी ‘अधिक सी’ लिहावं लागतं. नुसता दर बघून सुरुवात कुठून झाली होती हे कळत नाही, ते वेगळं विचारावं लागतं. ‘हा सी कशाला?’ या शंकेचं याहून सोपं उत्तर मला माहीत नाही. कागदावर उचल पुसली जाते, घरात ती फिटत नाही, हे माझ्या आई-वडिलांना कॅल्क्युलस न शिकता ठाऊक होतं.

गुणवत्तेच्या नावाने जे गळा काढतात ते हा ‘सी’ नेहमी गाळतात. कुणाच्या घरात दोन पिढ्यांची पुस्तकं आहेत, बाप बँकेत आहे, मावशी प्राध्यापक आहे. ‘विथ रिस्पेक्ट टू’ म्हणजे काय, हा प्रश्न त्या घरातल्या मुलालाही पडला होता. त्याने तो जेवताना विचारला आणि भाजी वाढता वाढता त्याला उत्तर मिळालं. कुणी हसलं नाही. बेसिक प्रश्न सगळ्यांनाच पडतात. काहींचे घरी सुटतात आणि वर्गात येईपर्यंत त्यांचा मागमूसही उरत नाही. आपल्याला मात्र ते वर्गातच विचारावे लागतात, चाळीस-पन्नास जणांसमोर, आणि तिथे त्यांना अज्ञान असं नाव मिळतं. घरात फुकट मिळालेल्या उत्तरांना गुणवत्ता म्हणायचं आणि वर्गात मागितलेल्या उत्तरांना सवलत, ही चलाखी ओळखायला शिका.

इथे काही हितचिंतक सुचवतात की मग मराठीत शिका, मातृभाषेत संकल्पना पटकन कळतात. भाषेशी माझं भांडण नाही, हा लेखही मी मराठीत लिहिते आहे. पण ज्यांची स्वतःची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत त्यांच्याकडून हा सल्ला मी घेणार नाही. शिवाय ‘विकलन’, ‘संकलन’, ‘चलराशी’ हे शब्द आपल्या वस्तीतल्या घरांत कधी ऐकू आले होते? एका बाजूला परकं इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तितकीच परकी संस्कृतप्रचुर परिभाषा, आणि मधे आपलं पोर. सावित्रीबाईंनी १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो उगाच नाही. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये त्यांनी जे मिळवलं ते इंग्रजीच्या जोरावर. इंग्रजी आपल्याला हवीच आहे. आमचं म्हणणं इतकंच की ती शिकवा. न शिकवता गृहीत धरू नका, आणि इंग्रजी अडलं म्हणून गणित येत नाही असा निकाल देऊ नका.

दुसरे असतात अभिमानवाले. ‘कॅल्क्युलस मुळात आपलंच, केरळात माधवाने न्यूटनच्या आधी शोधलं.’ माधव आणि त्याच्या परंपरेने साइन-कॉसच्या अनंत श्रेणी युरोपाच्या आधी मांडल्या, हे खरं आहे आणि मोठं आहे. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ हा ग्रंथ संस्कृत सोडून मल्याळममध्ये लिहिला, सिद्धतांसकट, हे तर त्याहून मोठं. म्हणजे अवघड गणित लोकांच्या भाषेत सांगता येतं, हे याच मातीत पाचशे वर्षांपूर्वी सिद्ध झालं होतं. पण ती विद्या मोजक्या घरांत गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. ज्यांना अक्षरच बंद होतं त्यांच्या शंका तिच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा हे ‘आपलं’ म्हणताना त्या ‘आपण’मध्ये कोण होतं तेही सांगा.

धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात बाबासाहेबांच्या शाळेतला एक प्रसंग आहे. शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्याजवळ बोलावलं. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते बाटतील म्हणून मुलं धावत गेली आणि भीमराव पोचायच्या आत त्यांनी डबे दूर फेकले. आज फळ्यामागे डबे नसतात, कुणी उघड धावत नाही. पण फळ्यापर्यंत जाण्याची भीती आजही शिल्लक आहे आणि ती मुलांनी घरून आणलेली नाही. २००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीचा अहवाल दिला. देशातल्या अव्वल संस्थेची ही कथा. गल्लीतल्या कॉलेजांत तर अहवाल लिहायलाही कुणी जात नाही.

‘असं बोट धरून शिकवलं तर दर्जा घसरेल,’ ही तक्रार मी स्टाफरूममध्ये नेहमी ऐकते. ज्या वर्गात बर्कलीचा प्रश्न विचारता येत नाही त्या वर्गाचा दर्जा आणखी किती घसरायचा आहे? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मांडलं होतं की कर रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. आजही सरकारी संस्थांचे पगार त्याच रयतेच्या पैशातून होतात. तिच्या लेकरांना अर्ध्या मिनिटाचं उत्तर देणं हा उपकार नाही, नोकरीचा भाग आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पहिल्या पंधरा दिवसांत गणिताच्या इंग्रजीतले शब्द, त्यांचे रोजचे आणि गणितातले अर्थ, वर्गातच शिकवा. वेळापत्रकात आठवड्याला एक तास फक्त शंकांचा ठेवा, आणि नाव न घालता चिठ्ठीवर शंका देता येऊ द्या. प्रवेश परीक्षांचा गणिताचा पेपर दोन भाषांत शेजारी शेजारी छापा. उत्तरपत्रिका तपासताना भाषेचा गोंधळ आणि गणिताची चूक वेगळी मोजा. यातल्या एकालाही नवी इमारत लागत नाही.

आणि शेवटचं आपल्यासाठी, कारण सगळा दोष पलीकडे ढकलून मोकळं होता येणार नाही. आपल्यातले जे कसेबसे पार झाले, त्यातले काही आज तेच हसू हसतात. चार वर्षांपूर्वी ज्याला ‘डिराइव्ह’ आणि ‘डिफरन्शिएट’ यांतला फरक माहीत नव्हता, तोच आज ज्युनिअरला ‘हे तर गूगल कर’ म्हणतो. त्याला वाटतं, हसणाऱ्यांत बसलं की आपण त्यांच्यातले झालो. तिकडे त्याला कुणी त्यांच्यातला मानत नाही, आणि इकडे एक पोर पुन्हा हात वर करत नाही.

आपल्या घरात जेवताना उत्तर देणारं कुणी नव्हतं. पुढच्यांच्या घरात ते आपण आहोत. तुमच्या गावातली, वस्तीतली, वसतिगृहातली पहिल्या वर्षाची दोन मुलं शोधा. त्यांना सांगा, वाटेल ती शंका विचार, कितीही बेसिक असू दे, रात्री अकराला फोन केलास तरी चालेल. आणि एखाद्याने विचारलं की ‘पाच गेला कुठे’, तर हसू नका. बसा, आणि त्याला सालगड्याचा हिशेब मांडून दाखवा.